सिझेरियन झालेल्या बाळंतिणीची शुश्रूषा

सिझेरियनची शस्त्रक्रिया आता बहुधा तासाभरात आटोपते. मुलाचे रडणे ऐकू येते, दाराशी ताटकळलेल्या नातलगांचा जीव भांड्यात पडतो, आणि इस्पितळाच्या दप्तरात जिची ‘यशस्वी’ म्हणून नोंद होते ती गोष्ट तेथेच संपली असे सर्वजण धरून चालतात. परंतु जिचे पोट थराथराने उघडून पुन्हा शिवण्यात आले त्या स्त्रीच्या दृष्टीने पाहू गेल्यास खरी परीक्षा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांचीच असते. या दिवसांत तिला केव्हा आणि काय खावयास मिळते, तिच्या वेदनेची विचारपूस कोण करतो, तिला केव्हा उठवून बसवतात आणि तिचे मूल तिच्याजवळ किती वेळ राहते, या वरवर किरकोळ भासणाऱ्या बाबींवर तिचे बरे होणे फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. आणि नेमक्या याच बाबी आपल्या पुष्कळशा इस्पितळांत कोणा एकाच्या जबाबदारीत मोडत नाहीत.

हा प्रश्न आता थोड्या स्त्रियांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांप्रमाणे २००५-०६ च्या सुमारास देशातील ८.५ टक्के जन्म सिझेरियनने होत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते सुमारे एक चतुर्थांश आहे, गोव्यात दर पाच जन्मांमागे जवळजवळ दोन, आणि खाजगी इस्पितळांपुरते बोलावयाचे तर देशभरात ते निम्म्याच्या जवळ पोहोचले आहे. यांतील किती शस्त्रक्रिया अपरिहार्य होत्या आणि किती टाळता आल्या असत्या, हा वाद महत्त्वाचा आहे व तो चालू राहिलाच पाहिजे. परंतु त्या वादाच्या गदारोळात, जिची शस्त्रक्रिया होऊन चुकली आहे तिच्या शुश्रूषेचा विचार मागे पडतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते. शस्त्रक्रिया योग्य कारणासाठी झालेली असो वा नसो, तिच्या टाक्यांना होणारी वेदना तेवढीच खरी असते.

पोटाच्या इतर मोठ्या शस्त्रक्रियांहून सिझेरियन एका बाबतीत मूलतः वेगळे आहे. आंत्रपुच्छ किंवा पित्ताशय काढलेला रोगी अंथरुणावर पडून स्वतःपुरते बरे होण्याचे काम करतो, आणि त्याचे सारे घर त्याच्या दिमतीला असते. बाळंतिणीला मात्र त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासात, दुसऱ्या एका जीवाचा भार उचलावा लागतो. तिला कुशीवर वळावयाचे असते, मूल छातीशी धरून बसावयाचे असते, रात्रीतून अनेकदा जागे व्हावयाचे असते. जो रोगी सर्वांत लवकर उभा राहावा अशी निसर्गाची अपेक्षा आहे त्यालाच आपण सर्वांत अधिक काळ उपाशी, तहानलेला, नळ्यांनी जखडलेला आणि उताणा निजवून ठेवत आलो आहोत. हे कोणाच्या दुष्टपणामुळे झालेले नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्याशिवाय हा शिरस्ता मोडण्याचे धैर्य कोणाला होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सिझेरियन म्हणजे मातेचा मृत्यू जवळजवळ ठरलेला, अशीच स्थिती होती. पोट उघडून मूल बाहेर काढल्यावर गर्भाशय शिवण्याची पद्धतही सर्वमान्य नव्हती. त्यामुळे रक्तस्राव आणि जंतुदोष या दोहोंपैकी एकाने बहुतेक स्त्रिया दगावत. १८८२ मध्ये लाइपझिग येथील माक्स झेंगर या डॉक्टराने गर्भाशयाची जखम टाक्यांनी काळजीपूर्वक बंद करण्याची रीत मांडली आणि तेव्हापासून माता वाचण्याची आशा उत्पन्न झाली. पुढे छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात घेऊ लागले, रक्तपेढ्या निघाल्या, प्रतिजैविके आली, भूलशास्त्र सुधारले, आणि एके काळी अखेरचा इलाज म्हणून योजली जाणारी ही शस्त्रक्रिया नित्याची झाली. परंतु जीव वाचवण्याच्या त्या दीर्घ झगड्यात भीतीपोटी जे जे निर्बंध घातले गेले ते मात्र, मूळची भीती नाहीशी झाल्यावरही, तसेच टिकून राहिले.

उपवासाचेच उदाहरण घ्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथील कर्टिस मेंडेलसन या प्रसूतितज्ज्ञाने ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून असे दाखवले की, पूर्ण बेशुद्धीची भूल दिली असता ६६ जणींच्या पोटातील पदार्थ उलटून श्वासनलिकेत गेले होते; त्यांपैकी दोघी दगावल्या. भूल त्या काळी मुखवट्यातून वायू किंवा वाफ हुंगवून दिली जाई, श्वासमार्ग सुरक्षित ठेवण्याची साधने अपुरी होती, आणि म्हणून प्रसूतीच्या स्त्रीला तोंडाने काही देऊ नये हा त्याने काढलेला निष्कर्ष त्या परिस्थितीत शहाणपणाचाच होता. पण आज बहुसंख्य सिझेरियन पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन होतात. स्त्री शुद्धीवर असते, तिचा ठसका आणि गिळण्याची क्रिया शाबूत असते. तरीही ‘रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नाही’ ही सक्त ताकीद पुष्कळ ठिकाणी जशीच्या तशी अंमलात आहे. सकाळच्या यादीत जिचे नाव चौथे आहे, आणि जिच्या आधी एखादी तातडीची अडलेली बाई घ्यावी लागते, तिची पाळी दुपारी तीनला येते. म्हणजे सतरा तासांचा निर्जळी उपवास घडून, घसा सुकून, डोके चढून ती गर्भवती त्या मेजावर जाते. आजचे शास्त्र सांगते की हलका आहार शस्त्रक्रियेपूर्वी सहा तासांपर्यंत आणि पाणी, गाळलेला फळांचा रस, दूध न घातलेला चहा असे स्वच्छ द्रव दोन तासांपर्यंत घेण्याची मुभा बहुतेक स्त्रियांना द्यावी. जिला मधुमेह नाही तिला शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी साखरेचे पेय द्यावे असेही सुचवले जाते. यासाठी इस्पितळाला काय करावे लागते? यादीतील क्रम बदलला की प्रसूतिकक्षाला तसे कळवणे आणि ‘हिला आणखी दोन तास आहेत, पाणी पिऊ द्या’ असे सांगण्याचा अधिकार परिचारिकेला देणे; याहून अधिक काही नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या उपवासाची हकीकत याहून विचित्र आहे. पोट उघडले की आतडी मंदावतात, म्हणून वायू सरेपर्यंत तोंडाने काही देऊ नये, हा नियम आतड्यांच्या शस्त्रक्रियांवरून आला आणि ज्या शस्त्रक्रियेत आतड्यांना बहुधा हातही लागत नाही त्या सिझेरियनला चिकटून बसला. मग पहिल्या दिवशी सलाईन, दुसऱ्या दिवशी चमच्याने पाणी व चहा, तिसऱ्या दिवशी पेज, अशी ती ठरलेली पायरी-पायरीची चढण. अनेक देशांत याची पद्धतशीर परीक्षा झाली असून, लवकर खाऊ घातल्याने अपाय तर होत नाहीच, उलट आतड्यांचे कार्य लवकर सुरू होते, असेच दिसून आले आहे. शस्त्रक्रियेनंतर तासाभरात घोटघोट पाणी आणि, मळमळ नसेल तर, काही तासांच्या आत नेहमीचे जेवण, अशी आजची शिफारस आहे. एका आंतरराष्ट्रीय मंडळाने तर दोन तासांचीच मर्यादा घातली आहे. मऊ भात-वरण, खिचडी, मुगाचे कढण, भाकरी कुस्करून दूध, यांपैकी काहीही चालते. वरण-भाताने टाके पिकतात ही आपल्याकडील समजूत निराधार आहे. टाके पिकतात ते जंतूंनी, आणि जंतूंशी झुंजावयास व जखम भरावयास जे प्रथिन लागते ते त्या वरणातच असते.

निर्बंधांना कारण विचारण्याची ही दृष्टी वैद्यकात रुजवण्याचे श्रेय हेन्रिक केलेट या डॅनिश शल्यविशारदाकडे जाते. कोपनहेगनमध्ये काम करीत असताना, १९९० नंतरच्या दशकात, त्याने आपल्या रोग्यांविषयी एक साधा प्रश्न सातत्याने विचारला: शस्त्रक्रिया उत्तम झाली असताना हा मनुष्य आज अजून अंथरुणावर का आहे? वेदना, मळमळ, उपासमारीने आलेला अशक्तपणा, नळ्या आणि निव्वळ वहिवाट, अशी उत्तरे त्याला सापडली. मग त्याने या कारणांवर एकामागून एक नव्हे तर एकदमच उपाय योजले आणि मोठ्या आतड्याच्या ज्या शस्त्रक्रियेनंतर लोक आठ-दहा दिवस इस्पितळात राहत त्यांना दोन-तीन दिवसांत चालते करून घरी पाठवून दाखवले. युरोपातील इतर शल्यविशारदांनी हा विचार पुढे नेला, त्यासाठी २०१० मध्ये एक आंतरराष्ट्रीय संस्था रीतसर स्थापन झाली, आणि २०१८-१९ मध्ये तिने खास सिझेरियनसाठी मार्गदर्शक तत्त्वे तीन भागांत प्रसिद्ध केली. तरुण, निरोगी आणि बरे होण्यास उत्सुक अशा रोग्यांच्या वाट्याला हा विचार इतक्या उशिरा यावा, याचे मला राहून राहून आश्चर्य आणि दुःख वाटते.

या सर्व उपायांत वेदनेचे शमन मी सर्वांत वरचे मानतो. बाळंतपण म्हणजे कळा सोसणे, आणि सोसणे हा स्त्रीचा गुण, असा संस्कार आपल्या घराघरांत आहे. सिझेरियन झालेल्या सुनेला किंवा लेकीला ‘तुला तर कळाही द्याव्या लागल्या नाहीत’ असे ऐकवणारी घरेही आहेत. त्यामुळे ती बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणून तिला दुखत नाही असा अर्थ लावला जातो. परंतु न शमवलेली वेदना केवळ क्लेशदायक नसते, ती अपायकारकही असते. पोट दुखते म्हणून ती खोल श्वास घेत नाही व खोकत नाही, मग छातीत कफ साठतो. ती उठत नाही, मग पायांतील रक्त साकळण्याचे भय वाढते. तिला मूल नीट धरता येत नाही, मग दूध उतरण्यास उशीर होतो व बाटली येते. आणि पहिल्या दिवसांत ज्यांची वेदना तीव्र राहते अशा स्त्रियांत पुढे महिनोन्‌महिने टिकणारे दुखणे आणि मनाचा विषाद अधिक आढळतो.

यावरचा उपाय असा की वेदना होईल तेव्हा औषध द्यावयाचे नाही, तर ती होऊच नये अशा बेताने घड्याळाच्या काट्यावर द्यावयाचे. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांच्यासारखे सूज व वेदना कमी करणारे दुसरे औषध, अशी दोन स्वस्त औषधे ठराविक तासांनी, स्त्री मागो वा न मागो, दिली तर बहुतेकींची वेदना सुसह्य मर्यादेत राहते. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा मोठा रक्तस्राव असलेल्या स्त्रियांना हे दुसरे औषध देताना विचार करावा लागतो, पण तो अपवाद झाला. ही दोन्ही औषधे स्तनपान चालू असताना निर्धोक आहेत. ‘औषध दुधातून बाळाला जाईल’ या भीतीने गोळी उशीखाली दडवणाऱ्या मातांना हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. कोडीन व ट्रॅमाडॉल मात्र स्तनपान करणाऱ्या मातांना देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामकाने २०१७ मध्ये दिला आहे, आणि तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

भूल देतानाच कण्यातील त्या इंजेक्शनात मॉर्फीनचा अत्यल्प अंश, म्हणजे मिलिग्रॅमचा सुमारे विसावा ते सातवा भाग, मिसळला तर पुढचे बारा ते चोवीस तास वेदना फारच कमी राहते. खाज व मळमळ हे त्याचे उपद्रव आहेत, आणि श्वासावर लक्ष ठेवावे लागते. जगभर ही रीत मान्य असताना आपल्या लहान इस्पितळांत ती अपवादानेच दिसते, कारण अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने मॉर्फीन बाळगणे इतके जिकिरीचे करून ठेवले होते की पुष्कळांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची कटकट कमी झाली. पण सवय कायद्याहून सावकाश बदलते. जेथे मॉर्फीन नाही तेथे जखमेच्या कडेला किंवा पोटाच्या भिंतीच्या स्नायूंच्या थरांमध्ये बधिरतेचे इंजेक्शन देण्याचा पर्याय आहे. ते कसब आपल्या भूलतज्ज्ञांना अवगत आहे; प्रश्न फक्त तो नित्यक्रम करण्याचा आहे.

आता उताणे निजवून ठेवण्याविषयी. ‘मान उचलू नकोस, उशी घेऊ नकोस, नाहीतर डोके दुखेल’, ही सूचना पाठीत इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येक स्त्रीने ऐकलेली असते. कण्याभोवतीच्या आवरणाला पडलेल्या सूक्ष्म छिद्रातून द्रव झिरपल्यामुळे अशी डोकेदुखी काहीजणींना होते हे खरे. पण चोवीस तास सपाट पडून राहिल्याने ती टळत नाही, असे त्याविषयीच्या अभ्यासांचे एकत्र परिशीलन केल्यावर आढळले आहे. ती टळते ती बारीक आणि पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईमुळे. पायांत शक्ती परत आली की स्त्रीला आधाराने बसवावे, पाय खाली सोडू द्यावेत, आणि पहिल्या आठ तासांच्या पुढे, पण पहिला दिवस उलटण्याच्या आत, दोन माणसांच्या आधाराने चार पावले चालवावे. प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत रक्त गोठण्याची शक्ती निसर्गतःच वाढलेली असते आणि सिझेरियनने तीत भर पडते. पोटरीतील शिरेत साकळलेली गुठळी फुप्फुसात गेली तर तरणीताठी बाई क्षणार्धात जाते. चार पावले चालणे हा त्यावरचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे. ज्यांना धोका विशेष आहे, म्हणजे अतिस्थूल, पूर्वी गुठळी झालेल्या, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने लागतात, ती गोष्ट निराळी.

उठण्याच्या आड बहुधा लघवीची नळी येते. ती चोवीस तास, कोठे कोठे त्याहूनही अधिक, ठेवण्याचे कारण विचारले तर ‘बाईला उठावे लागू नये म्हणून’ असे उत्तर मिळते. आणि बाई का उठत नाही असे विचारले तर ‘नळी आहे म्हणून’. नळी जितका काळ आत राहील तितका मूत्रमार्गाच्या जंतुदोषाचा संभव वाढतो. अडचणीचे काही घडले नसेल तर ती शस्त्रक्रियेनंतर लवकरात लवकर, सहा ते बारा तासांत तरी, काढावी. मात्र पुढच्या काही तासांत स्त्रीला लघवी झाली की नाही हे पाहण्याची तजवीज हवी. आणि त्याहूनही आधी, जिथवर ती चालत जाऊ शकेल असे स्वच्छ, दिवा असलेले, आतून कडी लागणारे शौचालय हवे. शुश्रूषेच्या चर्चेत ही बाब क्वचितच येते. पण वॉर्डाच्या टोकाला, ओल्या फरशीवरून जावे लागणाऱ्या शौचालयाच्या भीतीने पाणी न पिणाऱ्या बाळंतिणी आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्यापुढे कोणत्याही आंतरराष्ट्रीय तत्त्वाची मात्रा चालणार नाही.

शस्त्रक्रियागृहात जे करावयाचे ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाचकाच्या हाती फारसे काही नाही. प्रतिजैविकाची मात्रा पूर्वी नाळ कापल्यावर देत. आता ती त्वचेवर छेद घेण्यापूर्वी, तासाभराच्या आत, देण्याची शिफारस आहे, आणि त्यामुळे जखमेचा व गर्भाशयाचा जंतुदोष कमी होतो. एक वेळची ही मात्रा नीट दिली तर निर्वेध शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस इंजेक्शने टोचत राहण्याचे प्रयोजन उरत नाही. सलाईन कोमट करून देणे, अंगावर उबदार पांघरूण घालणे, गारठवणारा वातानुकूलक आवरणे, याने स्त्रीचे कुडकुडणे थांबते व रक्तस्रावालाही आळा बसण्यास मदत होते. मूल धडधाकट असेल तर नाळ निदान मिनिटभर थांबून कापावी. तेवढ्या वेळात नाळेतील रक्त मुलाकडे जाते आणि पुढील महिन्यांतील त्याची लोहाची शिल्लक वाढते.

आणि मग ते मूल आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. सिझेरियन झालेल्या मातांना दूध उशिरा येते हे बव्हंशी खरे आहे. पण त्या उशिराचा मोठा वाटा मूल तासन्‌तास दूर, पाळण्यात किंवा आजीच्या मांडीवर, राहिल्याचा असतो. टाके घालणे चालू असतानाही, एक परिचारिका शेजारी उभी असेल तर, मूल छातीशी राहू शकते. निदान तासाभरात ते पाजावयास लावता येते. आईला बसवत नसेल तर कुशीवर वळवून, किंवा मूल काखेखाली आडवे धरून पाजावे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. मधाचे बोट व गुळाचे पाणी चाटवण्याचा रिवाज मात्र सोडावा. पहिल्या दिवसांचा तो पिवळसर चीक थोडा दिसला तरी नवजाताला पुरेसा असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हा सारा विचार घाईचा नाही. पहिल्या काही तासांत नाडी, रक्तदाब, रक्तस्राव आणि गर्भाशय आवळलेला आहे की सैल, हे पुन्हा पुन्हा पाहण्याचे काम कोणत्याही नव्या पद्धतीने रद्द होत नाही. उलट ते अधिक कसोशीने करावे लागते, कारण बाळंतपणातील मृत्यूंचे मोठे कारण आजही अतिरक्तस्राव हेच आहे. जिला गरोदरपणातील रक्तदाबाचे झटके येऊन गेले, जिचा फार रक्तस्राव झाला, जिला ताप आहे, तिचा कार्यक्रम तिच्या प्रकृतीप्रमाणेच ठरेल. पाश्चात्त्य देशांत खाटेचा खर्च अफाट असल्यामुळे लवकर घरी पाठवणे हा या पद्धतीचा एक हेतू मानला गेला. आपल्याकडे तो हेतू डोळे मिटून उचलणे धोक्याचे आहे. नंदुरबारच्या डोंगरातील पाड्यावरून किंवा गडचिरोलीच्या जंगलातील खेड्यातून आलेली, रक्ताने फिकी पडलेली स्त्री तिसऱ्या दिवशी चालू लागली म्हणून जीपमधून घरी पाठवण्याजोगी होत नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी इस्पितळात सिझेरियन झालेल्या स्त्रीला सात दिवसांपर्यंत मोफत आहार, मोफत औषधे, रक्त आणि घरी जाण्याचे वाहन हे हक्क दिले आहेत. ते तिचे आहेत, आणि लवकर बरे होण्याच्या नावाखाली ते कोणी कमी करू नयेत.

रक्ताने फिकी पडलेली, असे मी म्हटले ते सहज नव्हे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के, गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. शस्त्रक्रियेत साधारण अर्धा ते एक लिटर रक्त जाते. सशक्त स्त्री ते सोसते, जिचे हिमोग्लोबिन आधीच आठ आहे ती आठवडेच्या आठवडे धापा टाकत राहते, तिची जखम भरत नाही. म्हणून सिझेरियननंतरचे बरे होणे खरे पाहता सहाव्या-सातव्या महिन्यात, लोहाच्या गोळ्यांनी आणि, त्या पुरेशा न पडल्यास, शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहाने सुरू व्हावयास हवे.

हे सारे घडवून कोण आणणार? मोठ्या डॉक्टरांचे व्याख्यान झाले म्हणून वॉर्डाची रीत बदलत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे. जेथे बदल टिकला तेथे तो लेखी झाला, आणि परिचारिकेच्या हाती अधिकार आल्यावर टिकला. डॉक्टर फेरीला येईपर्यंत पाणी द्यावयाचे की नाही हे ठरत नसेल, तर रात्री शस्त्रक्रिया झालेली स्त्री सकाळपर्यंत तहानलेलीच राहणार. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सरकारी प्रसूतिकक्ष व प्रसूती-शस्त्रक्रियागृहे यांचा दर्जा सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ नावाचा उपक्रम जारी केला. त्याला जोडून प्रत्येक केसपेपरवर पाच गोष्टींची वेळ लिहिण्याचा शिरस्ता पाडता येईल: पहिले पाणी केव्हा, पहिले जेवण केव्हा, मूल प्रथम पाजले केव्हा, नळी काढली केव्हा, पहिल्यांदा चालली केव्हा, आणि दर पाळीला वेदनेची विचारणा. जे लिहिले जाते ते पाहिले जाते, आणि जे पाहिले जाते त्याचा जाब विचारता येतो. पन्नास खाटांच्या वॉर्डात रात्री दोन परिचारिका असतील तर मात्र हा कागदही कोराच राहील. मनुष्यबळाचा हा प्रश्न शासनाने सोडवावयाचा आहे, तो सिस्टरांच्या सेवाभावावर ढकलू नये.

इस्पितळातून बाळंतीण घरी, बहुधा माहेरी, जाते. सव्वा महिना तिला कामाला हात लावू न देण्याची आपली रीत मोठ्या कनवाळूपणाची आहे, आणि ती जेथे पाळली जाते तेथे पाळावीच. पण जड काम न करणे म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे. तिने घरात हिंडावे, भरपूर पाणी प्यावे, कारण पाणी प्याल्याने पोट सुटते ही समजूत खोटी आहे. डिंकाचे व अळिवाचे लाडू उत्तम. त्यांच्या जोडीला डाळ, भाजी, अंडी, जे घरात चालते ते हवे. जखमेवर हळद, तेल, राख काही लावू नये, ती स्वच्छ व कोरडी ठेवावी. बंद खोलीत खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये, तिच्या धुराने आई व मूल दोघांचा श्वास कोंडतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघर जाऊन नवजातांची काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली तिच्याच आधारावर आज आशाताई देशभर नव्या बाळंतिणींच्या घरी जातात. त्यांनी मुलाचे वजन करताना आईची जखमही पाहावी, आणि तिला झोप लागते का, रडू येते का, मुलाविषयी काही वाटेनासे झाले आहे का, हे तिला एकटीला गाठून विचारावे. बाळंतपणानंतरचा विषाद हा आजार आहे, त्यावर इलाज आहेत, आणि तो नजर लागल्याने होत नाही.

ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, एकाएकी वाढलेला रक्तस्राव, एकाच पायाची सूज व दुखणे, धाप, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही आढळले तर सकाळ होण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. आणि ज्यांच्या घरात येत्या महिन्यांत बाळंतपण आहे त्यांनी, नाव नोंदवावयास जाल तेव्हाच, डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: शस्त्रक्रिया करावी लागलीच तर पाणी केव्हापर्यंत पिऊ द्याल, दुखण्याचे औषध वेळेवर द्याल की मागितल्यावर, मूल पहिल्या तासात तिच्याजवळ द्याल का, आणि तिला उठवून चालवावयास कोण येईल. हे विचारण्यात उर्मटपणा नाही. तो तिचा हक्क आहे, आणि जे इस्पितळ या प्रश्नांची नीट उत्तरे देते तेथेच तिचे नाव घालावे.